उभ्या अक्षावरचे आकडे: मराठीतून विज्ञानाची पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मराठीतून विज्ञानाची पाठ्यपुस्तके, पूरक पुस्तिका आणि प्रयोगवह्या लिहिणारे, तपासणारे व शिकवणारे सर्वजण

विषय: विश्वाच्या प्रसरणाच्या धड्यात मोजमापाला जागा देण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

विश्वाच्या प्रसरणावरचा धडा आला की त्यात बहुधा एक आलेख असतो. आडव्या अक्षावर दीर्घिकांची अंतरे, उभ्या अक्षावर वेग, मधून चढत गेलेली सरळ रेषा. आणि खाली साधारण अशा अर्थाचे वाक्य: १९२९ साली एडविन हबल यांनी दीर्घिकांचे वेग मोजले आणि विश्व प्रसरण पावते हे सिद्ध केले. या वाक्यात दोन चुका आहेत. त्या आलेखातले बहुतेक वेग हबल यांनी मोजलेले नव्हते. आणि विश्व प्रसरण पावते असा निष्कर्ष हबल यांच्या १९२९च्या निबंधात नव्हता. शेवटी त्यांनी एवढेच म्हटले होते की वेग आणि अंतर यांचा हा संबंध डच खगोलशास्त्रज्ञ डी सिटर यांच्या विश्वप्रतिमानातला परिणाम असू शकेल. पुढेही ते बराच काळ ‘भासमान वेग’ असाच शब्द वापरत राहिले.

वाक्य दुरुस्त करणे सोपे आहे. पण आमची विनंती त्याहून मोठी आहे. उभ्या अक्षावरचा एक आकडा मिळवायला काय करावे लागले, ते मुलांना कळू द्या. शक्य असेल तर वर्गात एक आकडा त्यांना स्वतः काढू द्या.

अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या फ्लॅगस्टाफ येथे लॉवेल वेधशाळा आहे. तिथे व्हेस्टो स्लायफर १९०१पासून कामाला होते. वेधशाळेचे संस्थापक पर्सिव्हल लॉवेल यांचा अंदाज असा, की सर्पिलाकार तेजोमेघ (ज्यांना आज आपण दीर्घिका म्हणतो) म्हणजे जन्माला येत असलेल्या सूर्यमाला असाव्यात. त्यांनी १९०९ साली स्लायफर यांना या तेजोमेघांचे वर्णपट, म्हणजे त्यांच्या प्रकाशाच्या रंगांची रेषांसह पसरलेली पट्टी, घ्यायला सांगितले. हाताशी २४ इंच व्यासाची भिंगाची दुर्बीण होती आणि ब्रॅशिअर यांनी बनवलेला वर्णपटलेखक होता. तो ग्रह-ताऱ्यांसाठी उत्तम होता, पण तेजोमेघासाठी फार मंद.

मंद का, हे धड्यात यायलाच हवे, कारण इथे सहज बुद्धी चकते. दुर्बीण मोठी घेतली की काम सोपे होईल, असे वाटते. ताऱ्याच्या बाबतीत ते खरे आहे, कारण तारा बिंदूसारखा दिसतो. तेजोमेघ पसरट असतो. भिंगाचा व्यास वाढवला की प्रकाश जास्त गोळा होतो, पण त्याच प्रमाणात नाभीय अंतरही वाढवले तर प्रतिमाही तेवढीच पसरते, आणि छायाचित्राच्या काचेच्या (तेव्हा फिल्मऐवजी काच वापरत) प्रत्येक चौरस मिलिमीटरवर पडणारा प्रकाश होता तेवढाच राहतो. पसरट वस्तूसाठी महत्त्व असते वर्णपटलेखकातल्या कॅमेऱ्याला, म्हणजे त्याच्या भिंगाचे नाभीय अंतर व्यासाच्या किती पट आहे याला. ही पट निम्मी केली की काचेवरचा प्रकाश चौपट होतो. १० पटीचा कॅमेरा काढून अडीच पटीचा लावला, तर १६ पट.

स्लायफर यांनी नेमके हेच केले. अडीच पटीचा, आखूड नाभीय अंतराचा कॅमेरा लावला. तीन लोलकांऐवजी एकच लोलक ठेवला. त्यामुळे वर्णपट आखूड झाला, प्रकाश कमी जागेत एकवटला, आणि जाड काचेत शोषला जाणारा जांभळा प्रकाशही वाचला. प्रकाश वर्णपटलेखकात शिरतो ती फट रुंद केली. या प्रत्येक बदलाची किंमत होती: वर्णपट जितका आखूड आणि फट जितकी रुंद, तितक्या रेषा जाड आणि जवळजवळ येतात, आणि त्यांची जागा ठरवणे अवघड होते. तपशील किती सोडायचा आणि प्रकाश किती मिळवायचा, याचा हा हिशेब होता. शोध लागला तो या हिशेबातून. तो आकृतीसह अर्ध्या पानात मावेल.

१७ सप्टेंबर १९१२च्या रात्री देवयानी तेजोमेघावर ६ तास ५० मिनिटे काच उघडी ठेवून पहिला उपयोगी वर्णपट मिळाला. नंतर नोव्हेंबरमध्ये दोन रात्री मिळून एक, डिसेंबरच्या सुरुवातीला दोन रात्रींचा एक आणि वर्षाच्या अखेरीस तीन रात्रींचा एक. एकच काच दोन-तीन रात्री वापरायची म्हणजे दिवसा तिच्यावर उजेडाचा कण पडू द्यायचा नाही, आणि दुसऱ्या रात्री तेजोमेघाचा गाभा फटीवर नेमका पुन्हा आणून बसवायचा. दुर्बीण आकाशाबरोबर वळते तसा तिला लटकवलेला वर्णपटलेखक किंचित वाकतो. रात्र थंड होत जाते तसा लोलकही प्रकाश थोडा वेगळा वाकवू लागतो. वस्तू जवळ येत किंवा दूर जात असली की तिच्या वर्णपटातल्या रेषा सरकतात; वेग मोजतात तो त्यावरूनच. पण या दोन्हींमुळेही रेषा काचेवर सरकतात, आणि हे सरकणे वेगामुळे झाले असे वाटू शकते. म्हणून त्याच काचेवर, तेजोमेघाच्या वर्णपटाच्या वर आणि खाली, पृथ्वीवरच्या ज्ञात मूलद्रव्याचा वर्णपट उमटवतात. स्लायफर यांनी लोखंड आणि व्हॅनेडियम यांच्या विद्युत ठिणगीचा प्रकाश वापरला. सरकणे मोजायचे ते या तुलनारेषांच्या संदर्भात. काचेच्या कडेपासून मोजून उपयोग नाही.

चार काचांवरून आलेले वेग असे होते: उणे २८४, उणे २९६, उणे ३०८, उणे ३०१, सगळे सेकंदाला किलोमीटरमध्ये. उणे म्हणजे आपल्याकडे येणारा. सरासरी त्यांनी उणे ३०० धरली. सूर्याच्या संदर्भात देवयानीचा वेग आजही उणे ३००च्या आसपासच मिळतो. शंभर वर्षांत सगळी यंत्रे बदलली, पण हा आकडा टिकला. चार आकड्यांतली तफावत २४ किमीची आहे. मुलांना फक्त सरासरी देऊ नका, हे चारही आकडे छापा. मोजमापात चूक किती असू शकते हे त्यांना त्या तफावतीतून दिसेल.

एक दुरुस्ती इथे लगेच सांगायला हवी. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किमी वेगाने फिरते. त्यामुळे सप्टेंबरची आणि डिसेंबरची काच तशीच शेजारी ठेवता येत नाही. दोन्हींतून पृथ्वीचा त्या दिशेतला वेग वजा करावा लागतो. सूर्य स्वतः आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरतो, त्याचा वेग सेकंदाला सुमारे २२० किमी. तोही काढला तर देवयानी आकाशगंगेकडे सेकंदाला साधारण ११० किमी वेगानेच येते. ‘देवयानी ३०० किमी वेगाने आपल्यावर येऊन आदळणार’ असे लिहिताना हा ‘आपण’ म्हणजे सूर्य की आकाशगंगा, हे स्पष्ट करावे.

पुढचा सोंब्रेरो तेजोमेघ उलट निघाला: सेकंदाला सुमारे हजार किलोमीटर वेगाने दूर जाणारा. ऑगस्ट १९१४मध्ये स्लायफर यांनी १५ तेजोमेघांचे वेग अमेरिकन खगोलशास्त्रज्ञांच्या सभेत मांडले तेव्हा श्रोत्यांनी उभे राहून दाद दिली. त्या श्रोत्यांत तरुण हबलही होते. १९१७च्या निबंधात २५ सर्पिलांचे वेग होते. २१ दूर जाणारे, ४ जवळ येणारे. जवळ येणारे चार म्हणजे देवयानी, तिचा सोबती एम ३२ (‘एम’ म्हणजे मेसिए यांच्या यादीतला क्रमांक), त्रिकोणातला एम ३३ आणि सप्तर्षीच्या बाजूचा एम ८१. पहिले तिघे आपल्या अगदी शेजारचे आहेत. एम ८१चा वेग फक्त उणे ३० होता. ही विभागणीच पुढची दिशा दाखवणारी होती, पण अंतरे माहीत नव्हती, म्हणून आडवा अक्षच नव्हता.

तो अक्ष कसा आला, हे आपल्याकडे तुलनेने नीट सांगितले जाते, म्हणून थोडक्यात. हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२मध्ये लहान मॅगेलनी मेघ या शेजारच्या दीर्घिकेतल्या २५ सेफीड ताऱ्यांवरून (ज्यांचे तेज ठराविक काळाने कमी-जास्त होते) दाखवले की ज्याचा आवर्तकाल जास्त तो तारा जास्त तेजस्वी. हबल यांनी ऑक्टोबर १९२३मध्ये माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीने देवयानीत असा एक तारा पकडला, आवर्तकाल सुमारे ३१ दिवस. त्यावरून देवयानी आपल्या आकाशगंगेच्या फार पलीकडे आहे हे निश्चित झाले. वेग आणि अंतर यांचा संबंध व्हिर्ट्झ, लुंडमार्क अशा काहींनी त्याआधीही शोधून पाहिला होता. बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र यांनी १९२७मध्ये सामान्य सापेक्षतेच्या समीकरणांतून प्रसरण मांडले आणि उपलब्ध वेग व अंतरांवरून दर मेगापार्सेकला (सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांना) सेकंदाला सुमारे ६२५ किमी हा गुणांकही काढला. निबंध फ्रेंचमध्ये होता. १९३१च्या इंग्रजी भाषांतरात तो भाग नाही. तो लमेत्र यांनी स्वतःच गाळला होता, हे २०११मध्ये मारिओ लिव्हिओ यांनी पत्रव्यवहारावरून दाखवून दिले. २०१८पासून आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ‘हबल–लमेत्र नियम’ हे नाव वापरण्याची शिफारस केली आहे. मराठी पुस्तकांतही तेच नाव यावे. मात्र त्या नावातही स्लायफर नाहीत. ते धड्यातच यायला हवेत.

१९२९च्या तक्त्यात अंतरे दिलेल्या २४ दीर्घिका होत्या. त्यातल्या पहिल्या ७ची अंतरे सर्वांत भरवशाची होती. पुढच्या १३ची अंतरे ‘प्रत्येक दीर्घिकेतले सर्वांत तेजस्वी तारे सारखेच तेजस्वी असतात’ या गृहीतकावर काढली होती. शेवटच्या ४ कन्या समूहातल्या, सगळ्यांना एकच अंतर दिले: २ मेगापार्सेक. वेगांपैकी बहुतेक स्लायफर यांचे, आणि निबंधात त्यांचे श्रेय स्पष्ट दिलेले नव्हते. नवे वेग मिल्टन ह्युमसन यांचे. शाळा लवकर सोडलेल्या ह्युमसन यांनी डोंगरावर खेचरे हाकली होती, वेधशाळेत सफाईचे काम केले होते, आणि मग ते मंद दीर्घिकांचे वर्णपट घेण्यात निष्णात झाले. महाश्व तारकासमूहातल्या एनजीसी ७६१९च्या दोन काचा त्यांनी ३३ आणि ४५ तास उघड्या ठेवल्या. वेग आला सेकंदाला ३,७७९ किमी.

आता मुख्य सूचना. वर्गात दोन तासिकांत करता येईल असा प्रयोग असा:

३० सेंटिमीटर लांबीची कागदी पट्टी छापा. प्रमाण १ मिलिमीटरला २ अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम हे तरंगलांबीचे एकक, मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). वर आणि खाली लोखंडाच्या तुलनारेषा: ४०४५.८ अँगस्ट्रॉमची रेषा डावीकडून १० मिमीवर, ४२७१.८ची १२३ मिमीवर. मधल्या पट्ट्यात कॅल्शियमची गडद रेषा, जिची प्रयोगशाळेतली जागा ४२२६.७ आहे, ती सरकवून ९८.३ मिमीच्या जरा पुढे छापा. रेषा मुद्दाम थोडी जाड आणि अंधुक ठेवा. अगदी बारीक रेषा छापली तर सगळ्यांचे उत्तर एकच येते आणि प्रयोगाचा अर्थ जातो. तीन विद्यार्थ्यांनी एकमेकांना न सांगता मोजायचे.

समजा एकीने ९८.५ मिमी वाचले. पहिल्या लोखंडी रेषेपासून अंतर ८८.५ मिमी; दोन लोखंडी रेषांमध्ये ११३ मिमी आणि २२६ अँगस्ट्रॉम. म्हणजे रेषेची जागा ४०४५.८ अधिक १७७.०, बरोबर ४२२२.८. सरकणे उणे ३.९. त्याला ४२२६.७ने भागून प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला ३ लाख किमीने, गुणायचे: सुमारे उणे २७७ किमी. दुसऱ्याने ९८.० वाचले तर उत्तर येते उणे ३४८. अर्ध्या मिलिमीटरने सुमारे ७१ किमीचा फरक पडतो. आता मुलांना विचारा: काचेवर समजा १ मिलिमीटरमध्ये १४० अँगस्ट्रॉम असते, तर ४ अँगस्ट्रॉमचे सरकणे किती? उत्तर ०.०३ मिमीच्या जवळ, डोक्याच्या केसाच्या निम्म्याहून कमी. चार काचांतली तफावत २४ किमीच्या आत ठेवणे म्हणजे काय, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

या प्रयोगात तीन ठिकाणी हमखास गडबड होते. पहिली झेरॉक्सची. प्रत काढताना यंत्र पान एक टक्का मोठे करू शकते. २०० मिमीवर एक टक्का म्हणजे २ मिमी, म्हणजे ४ अँगस्ट्रॉम, म्हणजे देवयानीचा सगळा वेगच. तुलनारेषा त्याच कागदावर असतील तर त्याही तेवढ्याच ताणल्या जातात आणि उत्तर बिघडत नाही. तुलनारेषा वेगळ्या पानावर छापल्या तर प्रयोग फसतो. एकदा मुद्दाम फसवून दाखवावा. दुसरी गडबड चिन्हाची: रेषा जांभळ्याकडे सरकली की वेग उणा, तांबड्याकडे सरकली की अधिक. पट्टी उलटी धरली की देवयानी दूर जाऊ लागते, म्हणून पट्टीच्या दोन्ही टोकांना ‘जांभळे’ आणि ‘तांबडे’ छापा. तिसरी जरा बारीक आहे. लोलक जांभळा प्रकाश जास्त पसरवतो, तांबडा कमी. खऱ्या काचेवर प्रमाण सगळीकडे सारखे नसते, म्हणून मोजायच्या रेषेच्या लगतच्या तुलनारेषा निवडाव्या लागतात. कागदी पट्टीत हे टाळले आहे, असे तळटीपेत प्रामाणिकपणे लिहावे.

दुसऱ्या तासिकेत १९२९च्या तक्त्यातल्या चार-पाच नोंदी द्या, आणि शेजारी आजची अंतरे. देवयानी: तेव्हा ०.२७५ मेगापार्सेक, आज सुमारे ०.७७. एम ८१: ०.९ आणि सुमारे ३.६. एम ५१: ०.५ आणि ८हून जास्त. कन्या समूह: २ आणि १६च्या पुढे. म्हणजे वेगांचा अक्ष जवळपास जागेवर राहिला आणि अंतरांचा अक्ष कुठे तिप्पट, कुठे आठपट, कुठे त्याहूनही जास्त ताणावा लागला. गुणांक सुमारे ५०० होता, आज तो ६७ ते ७३च्या दरम्यान मोजला जातो.

ही चूक लपवू नका. धड्यातला सर्वांत शिकवणारा भाग तोच आहे. ९७८ला (हा आकडा एककांच्या रूपांतरातून येतो) गुणांकाने भागले की प्रसरणाचा काळ ढोबळमानाने अब्ज वर्षांत मिळतो. ५००ने भागा: २ अब्जांहून किंचित कमी. १९४०च्या दशकात किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून पृथ्वीचेच वय ३ अब्जांच्या पुढे येत होते. विश्व पृथ्वीपेक्षा वयाने लहान कसे? बाँडी, गोल्ड आणि हॉइल यांनी १९४८मध्ये स्थिर स्थिती सिद्धांत (विश्व प्रसरण पावते, पण त्याला सुरुवात नाही) मांडला त्यामागे ही अडचण एक कारण होती, आणि त्याच विचारपरंपरेत पुढे हॉइल यांच्याबरोबर कोल्हापूरचे जयंत नारळीकर यांनी काम केले. मराठी विद्यार्थ्याला नारळीकरांचे नाव माहीत असते, पण त्यांच्या कामामागचा मूळ प्रश्न या आलेखाच्या आडव्या अक्षात आहे हे कुणी सांगत नाही. १९५२मध्ये वाल्टर बाडे यांनी सेफीड तारे दोन प्रकारचे असल्याचे दाखवून अंतरे दुप्पट केली. १९५८मध्ये ॲलन सँडेज यांनी दाखवले की दूरच्या दीर्घिकांत ‘सर्वांत तेजस्वी तारे’ म्हणून जे धरले होते ते अनेकदा चकाकणारे हायड्रोजनचे ढग होते. त्यांचा गुणांक ७५च्या आसपास आला.

तक्त्यातल्या उण्या नोंदी गाळू नका, हीही विनंती. २४ पैकी ५ दीर्घिका जवळ येणाऱ्या आहेत. कन्या समूहातल्या चौघींना अंतर एकच, वेग मात्र ५००पासून १,०९०पर्यंत. समूहाच्या गुरुत्वाकर्षणाने प्रत्येकीला स्वतःचा वेग असतो आणि प्रसरण त्यावर मिसळलेले असते. जवळच्या दीर्घिकांत हा स्वतःचा वेगच मोठा ठरतो. नेटके ठिपके काढून रेषा छापली तर ‘मग देवयानी जवळ का येते?’ या प्रश्नाला शिक्षकाकडे उत्तर उरत नाही.

शक्य असेल तिथे मुलांना आजचा वर्णपटही दाखवा. जुन्नरजवळ गिरवली येथे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीण आहे आणि तिला वर्णपट घेणारे उपकरण जोडलेले आहे. तेजस्वी दीर्घिकेच्या गाभ्याचा वर्णपट आता रात्री-रात्रींऐवजी मिनिटांत मिळतो, पण तुलनेचा दिवा लावल्याशिवाय त्यावरून वेग आजही काढता येत नाही.

जागेचा प्रश्न निघेल, म्हणून एक सूचना. फुगवलेल्या फुग्याचे चित्र लहान करावे किंवा काढावे. पेनाने फुग्यावर काढलेले ठिपके फुग्याबरोबर मोठे होतात, दीर्घिका तशा फुगत नाहीत. फुगाच वापरायचा तर टिकल्या चिकटवाव्यात. त्याहून बरे म्हणजे शिंप्याकडचे रुंद इलॅस्टिक. त्यावर दर १० सेंटिमीटरला टाचणी लावा आणि ५० सेंटिमीटरचे इलॅस्टिक ६० सेंटिमीटरपर्यंत ताणा. १०वरची टाचणी १२वर जाते, २०वरची २४वर, ४०वरची ४८वर. कुठल्याही टाचणीला शून्य धरून पुन्हा मोजा, प्रमाण तेच येते. मोजपट्टी, टाचण्या आणि मीटरभर इलॅस्टिक एवढ्यावर भागते.

आपले,
मराठीतून खगोलशास्त्र शिकवणारे काहीजण